द मॅडनेस अंडरनीथ

अमेरिकन लेखिका मॉरीन जॉन्सन (जन्म १९७३) यांची किशोरवाचकांसाठीची इंग्रजी कादंबरी (२०१३). ‘शेड्स ऑफ लंडन’ मालिकेतील हा दुसरा भाग. पहिला भाग ‘द नेम ऑफ द स्टार’ (२०११) एडगर पुरस्काराच्या नामांकनयादीत होता.

पूर्वकथा : लुइझियानाची रोरी देव्हो पूर्व लंडनमधील वेक्सफर्ड या निवासी शाळेत दाखल होते. त्याच सुमारास १८८८ सालच्या जॅक द रिपरच्या खुनांबरहुकूम नवे खून पडू लागतात. जेवताना घास घशात अडकून मरता मरता वाचलेल्या रोरीला भुते दिसू लागतात. हीच दृष्टी लाभलेल्या स्टीफन, कॅलम आणि बू (मूळ नाव भुवना) या तरुणांच्या गुप्त पोलीस पथकाशी तिची गाठ पडते. भुतांना नाहीसे करण्यासाठी हे पथक ‘टर्मिनस’ नावाचे हिरे वापरते. अखेरीस खुनी भूत रोरीला भोसकते. त्यातून ती वाचते, पण स्वतःच टर्मिनस बनते : तिचा स्पर्श होताच भूत नाहीसे होते.

कथानक : जखमी रोरी ब्रिस्टलमध्ये आईवडिलांजवळ राहते आहे. पोटावरची जखम भरत आली आहे; मनाची मात्र तशीच आहे. समुपदेशक तिला बोलते करू पाहते, पण हल्लेखोर भूत होते हे सांगण्याची तिला मुभा नाही. वेक्सफर्डला परतल्यावर अभ्यास मागे पडतो, मैत्री आणि प्रेम दोन्ही विस्कटतात. शाळेजवळच्या एका पबमध्ये खून होतो आणि त्याचा माग बेडलॅम या जुन्या मनोरुग्णालयातील मृतांपर्यंत जातो. पथकाला आता तिच्या शक्तीची गरज असते. याच एकाकीपणात जेन नावाची उपचारक तिला भेटते. तिच्यापुढे रोरी मोकळी होते आणि तोच विश्वास तिला धोक्यात लोटतो. तिला सोडवताना स्टीफन प्राणांतिक जखमी होतो.

विशेष : रहस्यापेक्षा रोरीचे सावरणे हाच या भागाचा गाभा आहे. पुढील भागांत नायक आदल्या संकटातून सहज उठून उभा राहतो, हा साहसकथांचा प्रघात जॉन्सन मोडतात. खरे बोलायला जागा नसलेले मूल ऐकून घेणाऱ्या पहिल्या माणसाकडे ओढले जाते, मग तो माणूस कसाही असो, हे त्या अतिशय सहानुभूतीने दाखवतात. किशोरवाचकाच्या दुःखाला इतक्या गांभीर्याने घेणारी भूतकथा म्हणून या कादंबरीचे मोल मोठे आहे. रोरीची कथा ‘द शॅडो कॅबिनेट’ (२०१५) या तिसऱ्या भागात पुढे जाते.