राज्याचा हिशेब आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

राज्यशास्त्राचा अभ्यास म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सभा, निवडणुका आणि मंत्रिमंडळांची उलथापालथ येते. परंतु राज्य चालते ते कागदावर. कर बसतो तो कागदाने, पोलिसाचा पगार निघतो तो कागदाने आणि शाळा उघडते किंवा बंद पडते तीही कागदानेच. तेव्हा ज्याला राज्यसंस्थेचा खरा स्वभाव जाणून घ्यावयाचा आहे, त्याने या कागदांपर्यंत पोचले पाहिजे. ते नीट लावून ठेवलेले आणि अभ्यासकाच्या हाती सहज पडतील असे स्थान म्हणजे विद्यापीठाचे ग्रंथालय. तेथे बसून राज्यशास्त्राचे संशोधन कसे होते, याचा विचार आम्ही एका थोर अभ्यासकाच्या उदाहरणावरून करणार आहोत.

महाराष्ट्राला कागदाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, तेव्हापासून वाडे आणि माळे धुंडाळून दप्तरे मिळविण्याची विद्या आपल्याकडे रुजली. इंग्रजी अमदानीचे दप्तर मात्र बरेचसे छापलेले आहे. पार्लमेंटपुढे ठेवलेली ब्लू बुके, वार्षिक अंदाजपत्रके, आयोगांपुढील साक्षी, खात्यांचे अहवाल ही त्याची साधने. दादाभाई नौरोजींनी १९०१ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला तो सरकारी आकड्यांचाच आधार घेऊन. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना नामदार गोखल्यांचे शस्त्र तेच होते. सरकारचा कागद हाती घेऊन सरकारलाच जाब विचारावयाचा, ही ती रीत. तिला विद्यापीठीय संशोधनाची शिस्त कशी लाभली, हे पाहावयाचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे वळावे लागते.

साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर इतर मुलांपासून वेगळे बसावे लागलेला आणि अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकावयास न मिळाल्यामुळे फारसी घ्यावी लागलेला हा विद्यार्थी १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. त्याला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. याच महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून आपल्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची योजना सुरू केली होती. गावात ग्रंथालय आणावयाचे आणि होतकरू मुलाला जगातल्या ग्रंथालयापर्यंत पोचवावयाचे, या दोन्ही गोष्टी एकाच राज्यकर्त्याला सुचल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कोलंबियाचे ग्रंथालय त्या वेळी लो लायब्ररी या घुमटाच्या इमारतीत होते. पुस्तकांची दशांश वर्गीकरणाची पद्धत १८७६ मध्ये प्रसिद्ध करणारे मेल्विल ड्यूई हे १८८३ ते १८८८ या काळात याच संस्थेचे ग्रंथपाल होते. त्यांच्या पद्धतीत राज्यशास्त्राला ३२०, अर्थशास्त्राला ३३०, सरकारी जमाखर्चाला ३३६, राज्यघटना व प्रशासनाच्या कायद्याला ३४२ आणि हिंदुस्थानच्या इतिहासाला ९५४ हा आकडा आहे. आता प्रांतांच्या तिजोरीविषयी एखादा प्रश्न घेतला, तर त्याचे उत्तर यांतल्या कोणत्या फळीवर सापडावे? एकाही फळीवर पुरतेपणी सापडत नाही. कायदा एका कपाटात, आकडे दुसऱ्यात आणि त्यांची पार्श्वभूमी तिसऱ्यात. ग्रंथालय पुस्तकांची विभागणी करते. प्रश्नाची जोडणी वाचकालाच करावी लागते. आंबेडकरांनी कोलंबियात जे अभ्यासक्रम घेतले त्यांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे अवघे ३ होते. राज्यशास्त्राचा मोठा भाग राज्यशास्त्राच्या फळीबाहेर असतो, हे यावरून कळून यावे.

या वाचनातून १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर आणि जमाखर्चावर एम. ए. चा निबंध तयार झाला. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक जमाखर्चाच्या उत्क्रांतीवरील प्रबंध १९२५ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना प्रा. सेलिग्मन या त्यांच्या गुरूंची आणि अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावे. कोलंबियाची पीएच. डी. १९२७ मध्ये रीतसर पदरात पडली.

या प्रबंधातील प्रश्न वरवर रुक्ष दिसतो. १८३३ च्या सनदी कायद्याने सगळ्या प्रांतांचा पैसा गव्हर्नर-जनरलच्या हाती एकवटला. काटकसर केली तर शिल्लक वरती जाणार आणि उधळपट्टी केली तर भरपाई वरूनच होणार, अशी स्थिती झाल्यावर काटकसर कोण करील? जो प्रांत मोठ्याने ओरडेल त्याच्या पदरात अधिक पडे. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीवर ताण आला. अखेर १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने लॉर्ड मेयो यांनी तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे दिली. १८७७ मध्ये काही उत्पन्नाच्या बाबी नेमून दिल्या आणि १८८२ पासून काही बाबींची वाटणी सुरू झाली.

हा क्रम पाहून कोणीही म्हणेल की प्रांतांना हळूहळू स्वायत्तता मिळत गेली. आंबेडकरांनी मात्र ठरावाची भाषा बाजूला ठेवून कायदा काय म्हणतो आणि नियम काय म्हणतात ते पाहिले. तेव्हा दिसून आले की प्रांताला स्वतःच्या बळावर नवा कर बसविता येत नव्हता, कर्ज काढता येत नव्हते आणि ठरावीक मर्यादेपलीकडची नवी जागासुद्धा मंजुरीवाचून निर्माण करता येत नव्हती. उत्पन्नावरचा कायदेशीर हक्क हिंदुस्थान सरकारचाच राहिला होता. ‘प्रांतिक’ हे नाव पाटीवर होते. किल्ली कलकत्त्यास होती. हे सिद्ध करावयास कोणतेही गुप्त दप्तर लागले नाही. सरकारने स्वतः छापलेली पाने एकमेकांशेजारी ठेवून वाचावी लागली, एवढेच.

परंतु ‘एवढेच’ म्हणणे सोपे आहे. त्यामागची चिकाटी पाहा. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथे राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांच्यासाठीच १८९६ मध्ये स्थापन झालेले लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे ग्रंथालय होते. इंडिया ऑफिसचा आणि ब्रिटिश म्युझियमचा संग्रहही होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. वेगळ्या बोटीने पाठविलेली पुस्तके महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली. १९२० मध्ये पैसे जमवून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्‌सी. मिळाली. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रा. कॅनन यांना त्यातील सगळी मते पटलेली नव्हती. तरी त्यांनी ती लिहिली. १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे आंबेडकरांनी साक्ष दिली तिच्यामागे हा सारा अभ्यास होता.

मध्यवर्ती सत्ता आणि प्रांत यांच्यात पैसा कोणत्या न्यायाने वाटावा, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर पुन्हा दारात आला. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष असताना तयार झालेल्या राज्यघटनेच्या २८० व्या कलमाने वित्त आयोगाची तरतूद केली आणि पहिला आयोग १९५१ मध्ये नेमला गेला. ही तरतूद एकट्याची कृती नव्हती, हे खरे. परंतु ज्या सभागृहात तिची चर्चा झाली तेथे या प्रश्नाचा शंभर वर्षांचा हिशेब वाचलेला एक माणूस बसला होता, ही गोष्ट लहान नव्हे.

आज पुष्कळ जुने अहवाल घरबसल्या संगणकावर वाचता येतात. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेचे आहे. साधनांची वाण नाही. वाण आहे ती प्रश्न घेऊन ग्रंथालयात जाणाऱ्या नागरिकाची. आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक घ्यावे, मागील दहा वर्षांची त्याच्याशेजारी मांडावी, ज्या कायद्याने ती संस्था चालते तो उघडावा आणि विचारावे की पाटीवर नाव कोणाचे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे. हे काम पंडितांचेच आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्याला शाळेत फळ्यापासून दूर बसविले, त्याने ते करून दाखविले आहे. ज्यांना ग्रंथालयाचे दार मोकळे आहे त्यांनी निदान आत तरी जावे.