दुसरा शनिवार आणि ९४ कोटी: पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला नेमका कसा झाला?

११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या मुख्यालयात व्हिसा या कार्ड कंपनीकडून इशारे येऊ लागले. कॉसमॉसची कार्डं वापरून जगभरातल्या एटीएममधून मोठमोठ्या रकमा काढल्या जात आहेत, असं व्हिसाचं म्हणणं होतं. कर्मचाऱ्यांनी स्वतःची यंत्रणा तपासली, तर तिथे सगळं सुरळीत दिसत होतं. एकही संशयास्पद व्यवहार नाही.

सुमारे अर्ध्या तासाने, खबरदारी म्हणून, बँकेने व्हिसाला कार्डांचे व्यवहार थांबवायला सांगितलं. तोवर उशीर झाला होता. २ तास १३ मिनिटांत २८ देशांमधून १२ हजारांच्या आसपास वेळा पैसे काढले गेले होते. रक्कम होती ७८ कोटी रुपये. भारतातल्या एटीएममधून रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी गेले. मग सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

१९०६ साली स्थापन झालेली ही देशातल्या जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. गुन्हा चतुःशृंगी पोलीस ठाण्यात नोंदवला गेला. दरोडा पडला, पण तिजोरीला कोणी हात लावला नव्हता.

बँकेच्या पडद्यावर काहीच का दिसलं नाही?

या प्रकरणाची खरी गोम इथे आहे. त्यासाठी एटीएममध्ये कार्ड घातल्यावर काय होतं ते पाहावं लागेल.

समजा तुमचं कार्ड एका बँकेचं आहे आणि एटीएम दुसऱ्या बँकेचं. एटीएम तुमची विनंती व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यात पाठवतं. तिथून ती तुमच्या बँकेच्या ‘स्विच’कडे येते. स्विच म्हणजे एक सर्व्हर, बँकेच्या दारावरचा निरोप्या म्हणा. तो आत कोअर बँकिंग यंत्रणेला विचारतो: या खात्यात एवढे पैसे आहेत का, पिन बरोबर आहे का, रोजची मर्यादा संपली का? आतून ‘हो’ आलं की स्विच बाहेर ‘हो’ कळवतो आणि एटीएम नोटा देतं.

कॉसमॉसच्या बाबतीत हल्लेखोरांनी मालवेअरच्या मदतीने खऱ्या स्विचशेजारी एक खोटा स्विच उभा केला. बाहेरून येणाऱ्या विनंत्या या खोट्या निरोप्याकडे वळल्या. तो आत कोणाला विचारतच नव्हता. परस्पर ‘हो, द्या’ असं उत्तर देत होता. प्रश्नच आत पोहोचला नाही, त्यामुळे कोअर बँकिंगमध्ये त्याची नोंद नव्हती. कर्मचारी बघत होते तो पडदा खोटं बोलत नव्हता. त्याला काही माहीतच नव्हतं.

हीच गोष्ट ठेवीदारांच्या पथ्यावर पडली. व्यवहार कोअर बँकिंगपर्यंत गेलेच नाहीत, म्हणून कोणाच्या बचत खात्यातून रक्कम वजा झाली नाही. फटका बसला तो थेट बँकेला.

एक साधा हिशोब करून पाहा. ७८ कोटींना १२ हजारांनी भागलं तर एका वेळी सरासरी ६५ हजार रुपये येतात. एवढी रक्कम, तीही काही मिनिटांच्या अंतराने त्याच त्या कार्डांवर! शिल्लक आणि मर्यादा तपासणारं कोणी उरलं नव्हतं, हे यातूनच कळतं. वापरलेली कार्डं होती सुमारे ४५०, सगळी बनावट. कार्डाच्या मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती कोऱ्या कार्डावर उतरवणं सोपं असतं. चिपची नक्कल फार अवघड. पट्टीवाली जुनी कार्डं बदलून चिपची द्यायला रिझर्व्ह बँकेने दिलेली मुदत त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत होती.

नोटा कोणी काढल्या?

हॅकर कुठेही बसून काम करू शकतो, पण एटीएमच्या तोंडाशी माणूसच लागतो. २८ देशांत अशी माणसं ठराविक वेळी उभी होती. महाराष्ट्रातल्या काहींना तर आपण सिनेमातल्या छोट्या भूमिकेसाठी एटीएममध्ये जातोय असं वाटत होतं, असं बीबीसीच्या वृत्तात म्हटलं आहे. कोल्हापूरच्या एटीएममधूनही पैसे निघाले. पुणे पोलिसांनी सीसीटीव्ही आणि मोबाइलच्या नोंदींवरून ही साखळी उलगडली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी ५ कोटी ७२ लाख रुपये परत मिळाले.

सूत्रधार मात्र या ११ जणांत नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुढे अमेरिकेत गालेब अलाउमरी नावाच्या कॅनेडियन-अमेरिकन इसमाने २०१८ मध्ये एका भारतीय बँकेतून एटीएममार्फत काढलेल्या पैशांसह इतर अनेक चोऱ्यांतला पैसा फिरवल्याची कबुली दिली. त्याला २०२१ मध्ये ११ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली.

हल्ला सुट्टीलाच का?

दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असाच हल्ला झाला होता. सुरुवात झाली गुरुवारी रात्री. तिकडे शुक्रवारची सुट्टी असते. ढाक्यात गडबड लक्षात येईपर्यंत न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार आला आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. ९५ कोटी डॉलर पळवण्याचा बेत होता, ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर मात्र अडले, कारण हल्लेखोरांनी ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं होतं आणि बँकेतल्या कोणाच्या तरी ते नजरेस आलं!

तिथे शिरकाव झाला होता तो नोकरीच्या अर्जातून. कर्मचाऱ्यांना ईमेल आले, सोबत बायोडेटाची लिंक. लिंक उघडल्यावर चोर आत शिरला आणि जवळपास वर्षभर गप्प बसून बँकेचं कामकाज शिकत राहिला. अशा हल्ल्यात पैसे काढणं हे शेवटच्या काही तासांचं काम असतं. तयारी महिनोन्‌महिने चालते, आणि पकडण्याची संधीही त्याच काळात असते.

तंत्रज्ञान न वापरताही होतं

सप्टेंबर २०२२ मधली पुण्यातलीच घटना. सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने संदेश आला: अमुक खात्यांत तातडीने पैसे भरा. सुमारे १ कोटी १ लाख रुपये गेले. पूनावालांनी असा संदेश पाठवलाच नव्हता, हे नंतर कळलं. बंडगार्डन पोलिसांत तक्रार झाली. यात मालवेअर नाही की खोटा स्विच नाही. ‘साहेबांनी सांगितलंय आणि घाई आहे’ एवढंच पुरलं.

मग संस्थेने करायचं काय?

जोखीम व्यवस्थापन हा शब्द जड आहे, पण त्यातले प्रश्न घरगुती आहेत. आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे? ते कोणत्या वाटेने जाईल? गेलं तर किती दिवस तग धरू? पतसंस्थेसाठी उत्तर खातेदारांचे पैसे असेल, रुग्णालयासाठी रुग्णांच्या नोंदी, भोसरीतल्या कारखान्यासाठी यंत्र चालवणारा संगणक. सगळ्याच गोष्टींना सारखं कुलूप लावणं कोणालाच परवडत नाही. म्हणून जिथे नुकसान मोठं आणि शक्यताही जास्त, तिथे आधी खर्च करायचा. काही जोखीम विम्यावर टाकता येते, थोडी गृहीत धरावी लागते. मात्र आपण ती गृहीत धरली आहे, हे संचालक मंडळाला माहीत हवं. अनेक ठिकाणी नेमकं तेच नसतं. ‘ते आयटीवाले बघतात’ यावर विषय संपतो.

कॉसमॉसच्या घटनेकडे या नजरेने पाहिलं तर काही उपाय आपोआप समोर येतात. व्हिसाच्या नोंदी आणि स्वतःच्या नोंदी दिवसाअखेरीऐवजी सतत ताडून पाहिल्या असत्या, तर तफावत लगेच दिसली असती. स्विच आणि स्विफ्टचे संगणक ईमेल उघडणाऱ्या संगणकांपासून वेगळ्या जाळ्यात असले, तर एका चुकीच्या क्लिकवरून तिथपर्यंत जाणं कठीण होतं. आणि सुट्टीच्या दिवशी सगळे व्यवहार थांबवण्याचा अधिकार कोणाकडे, हे आधीच लिहून ठेवलेलं असेल तर अर्धा तास जात नाही. त्या शनिवारचा अर्धा तास म्हणजे एकूण वेळेच्या जवळपास पाव हिस्सा होता.

सीरमसारख्या फसवणुकीवरचा उपाय तर फुकट आहे: संदेश आला त्या नंबरवर उत्तर न देता आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, आणि ठराविक रकमेपुढे दोन जणांच्या संमतीशिवाय पैसे सोडायचे नाहीत. साहेबांनाही हा नियम लागू.

कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांत, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांचे चार स्तर केले; बँक जितकी डिजिटल व्यवहारांत गुंतलेली, तितके नियम कडक. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणं बंधनकारक झालं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पैसे गेल्याचं लक्षात आलं तर व्यक्ती असो की संस्था, १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यातून बाहेर पडण्याआधी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. हाँगकाँगचे ५ कोटी ७२ लाख खात्यात अडकले म्हणून मिळाले. एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडलेल्या ८० कोटींपैकी फारसं काही हाती लागलं नाही.