अल्टरनेटर पुन्हा पुन्हा का जातो?

घोडबंदर रोड किंवा कल्याण-शिळ रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर बॉनेटखालून ‘चीं’ आवाज आला, तर बहुधा ओला बेल्ट घसरतोय. सुकल्यावरही थांबला नाही, तर बेल्ट आणि टेन्शनर तपासा. सतत घरघर येत असेल, तर बेअरिंग.

नवा अल्टरनेटरही गेला? मग मूळ दोष दुसरीकडे शोधा: कमकुवत बॅटरी, सैल अर्थिंग, वरून गळणारं ऑइल.

मल्टिमीटर लावा. चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ हवेत.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘चेक’ करू देऊ नका. व्होल्टेज उसळून चांगल्या अल्टरनेटरचे डायोडही जळू शकतात.