फिनिफेन्मा रॅस

मालदीवच्या खोल प्रवाळखडकांवर आढळणारा लहानसा, झळझळीत रंगांचा सागरी मासा. शास्त्रीय नाव सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा; कुल लॅब्रिडी. वावर साधारण ४० ते ७० मीटर खोलीवर. हौशी पाणबुड्यांची मर्यादा ४० मीटरला संपते आणि तिथेच याचा मुलूख सुरू होतो.

मादीच्या अंगावर लाल, गुलाबी, निळसर छटा असतात. वयात आलेल्या नरात नारिंगी-पिवळा रंग वरचढ होतो. या प्रजातीतले मासे आधी मादी म्हणून वाढतात, पुढे त्यांतल्या काहींचे नरात रूपांतर होते. प्रणयाराधनात नर पर ताठ उभारून रंग क्षणभर अधिकच उजळवतो. ही लाली तिथे दिसते तरी किती? पाणी तांबडा प्रकाश वरच्या थरांतच शोषून घेते, त्यामुळे टॉर्चशिवाय पन्नास मीटरवर लाल अंग काळपटच दिसायचे. छायाचित्रांतली झळाळी बरीचशी फ्लॅशची कृपा. अन्न मुख्यतः पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी.

हा मासा १९९० च्या दशकापासून संशोधकांना ठाऊक होता, पण दुसऱ्याच्या नावाने. १९८३ मध्ये चागोस द्वीपसमूहातल्या एकाच पिल्लावरून सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वॅमिस या जातीचे वर्णन झाले होते. त्या जातीचा प्रौढ मासा हाती नव्हता; तेव्हा सुमारे १,००० किमी उत्तरेला मालदीवमध्ये सापडलेले प्रौढ मासे तेच असावेत, असे धरून चालले गेले. रॅस माशांत असा अंदाज बांधणे जोखमीचे, कारण पिल्ले एकमेकांसारखी दिसतात आणि खरी ओळख पटते ती प्रौढ नरावरून. यी-काय टी, अहमद नजीब, जोसेफ रोलेट आणि लुईझ रोशा यांनी पृष्ठपरातल्या काट्यांची उंची, अंगाच्या निरनिराळ्या भागांवरील खवल्यांची संख्या आणि डीएनए ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही जाती वेगळ्या निघाल्या. हे वर्णन मार्च २०२२ मध्ये ‘झूकीज’ नियतकालिकात आले. नजीब मालदीवच्या सागरी संशोधन संस्थेतले. तिथल्या माशांना तोवर परदेशी शास्त्रज्ञच नावे देत आले होते. मालदीवच्या संशोधकाने वर्णन केलेली ही तिथली पहिली मत्स्यजाती. नाव धिवेही भाषेतल्या गुलाबावरून ठेवले आहे, कारण गुलाबी गुलाब हे मालदीवचे राष्ट्रीय फूल.

व्यापारी मात्र नामकरणासाठी थांबले नाहीत. शोभिवंत माशांच्या बाजारात याची विक्री आधीच सुरू झाली होती. संख्या भरपूर असल्यामुळे अतिपकडीचा धोका सध्या मोठा नाही, असे संशोधकांचे मत आहे. पण पकडीच्या नोंदींत हा मासा इतकी वर्षे वेगळा दिसणे शक्यच नव्हते.