आग डब्यात ठेवायची गोष्ट

(आकाशवाणीवरून प्रसारित भाषणाचा संपादित भाग)

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी विजेचा इंजिनीयर म्हणून रुजू झालो, तेव्हा पदवी कोरी होती आणि आत्मविश्वास भरपूर. खाली पाणी उपसणाऱ्या पंपाची मोटर सुरू-बंद करायचा स्टार्टर एका जाड लोखंडी डब्यात बसवलेला होता. झाकणाला बोल्टच बोल्ट. वरून सारखं पाणी ठिबकायचं. झाकण आणि डबा यांच्यात मला केसाएवढी फट दिसली. वाटलं, इथून पाणी आत जाईल आणि गॅसही. मी फिटरकडून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घेतली, फटीत बसवली आणि बोल्ट आवळायला लावले. डबा अगदी हवाबंद!

फोरमन पाळीवर आले. त्यांनी टोपीवरचा दिवा झाकणाजवळ नेला आणि आधी पंपाची वीज तोडायला लावली. मग म्हणाले, "साहेब, ह्याले गॅस बाहीर ठेवाचा नाई जी. आग आत ठेवाची हाय."

मला ते तेव्हा धड कळलं नाही. कळलं ते नंतर, या डब्याचा इतिहास वाचताना.

कोळशाच्या थरात मिथेन वायू अडकलेला असतो. कोळसा फोडला की तो सुटतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झालं की ठिणगीचाच काय तो अवकाश. १८१२ साली इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत अशाच स्फोटात ९२ माणसं आणि मुलं गेली. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. गॅस जाळीतून आत जातो, आत जळतोही. पण ज्योत बाहेर येऊ लागली की जाळीचा धातू तिची उष्णता शोषून घेतो आणि ती विझते. डेव्ही यांनी या दिव्याचं पेटंट घेतलं नाही, हे जाता जाता सांगायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीत वीज उतरली आणि प्रश्न नव्याने उभा राहिला. चालू मोटरचा स्विच उघडला की प्रवाह लगेच थांबत नाही, हवेतून उडी मारतो. ती ठिणगी टाळता येत नाही. मग डबा हवाबंद का करू नये? माझ्यासारखाच विचार तेव्हाही अनेकांनी केला असणार. अडचण अशी की मोटर आणि तिचा डबा श्वास घेतात. चालताना तापतात, आतली हवा फुगून बाहेर पडते. थांबल्यावर निवतात आणि बाहेरची हवा आत ओढतात. त्या हवेबरोबर गॅसही येतो. आज नाही तर सहा महिन्यांनी.

या कोड्याचं उत्तर शोधलं जर्मनीत, कार्ल बायलिंग या खाण अधिकाऱ्याने. गेल्सनकिर्शनच्या चाचणी केंद्रात त्यांनी मोटरी आणि स्विचचे डबे मुद्दाम स्फोटक मिश्रणाने भरले आणि मुद्दाम पेटवून पाहिले. १९०६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गॅस आत जाऊ द्या. स्फोटही होऊ द्या. डबा मात्र तो धक्का सोसेल इतका भक्कम हवा, आणि झाकणाचा सांधा रुंद, सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या धातूचा हवा. त्या अरुंद फटीतून बाहेर पडताना जळता वायू इतका निवतो की बाहेरचा गॅस पेटत नाही. डेव्हीच्या जाळीचंच हे लोखंडी भावंड. प्रयोगशाळेत मिथेनसाठी ही फट जास्तीत जास्त १.१४ मिलिमीटर भरते. प्रत्यक्ष यंत्रात ती याहून बरीच कमी ठेवतात. माझ्या रबराने नेमका हाच सांधा बिघडवला होता. आत भडका उडाला असता, तर रबर क्षणात उडालं असतं आणि मागे उरली असती ती रबराच्या जाडीची मोकळी वाट.

डब्याने मोठ्या ठिणगीचा बंदोबस्त केला. लहान ठिणगीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

वेल्समधल्या सेंघेनिद गावी युनिव्हर्सल नावाची खाण होती. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी, सकाळी आठ वाजून गेल्यावर, साडेनऊशेच्या आसपास माणसं खाली असताना तिथे स्फोट झाला. ४३९ कामगार आणि त्यांना वाचवायला गेलेला एक जण मेला. ब्रिटनमधली ही सर्वांत मोठी खाण दुर्घटना. त्याच खाणीत १९०१ साली ऐंशीहून अधिक माणसं मेली होती. चौकशीत नेमकं कारण सिद्ध झालं नाही. पण संशयितांत होती एक घंटा. वाटेने दोन उघड्या तारा ओढलेल्या असत. धातूचा तुकडा टेकवून त्या जोडल्या की यंत्रघरात घंटा वाजे आणि चालकाला यंत्र सुरू करायचं की थांबवायचं ते समजे. बॅटरीवरची घंटा, तिची भीती कुणाला? पुढे खटला झाला. व्यवस्थापकाला दंड २४ पौंड, कंपनीला १० पौंड. हे आकडे वाचताना आजही माझा हात थांबतो.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत व्हीलर आणि थॉर्नटन या शास्त्रज्ञांनी घंटेच्या ठिणगीचीच तपासणी केली. दोष बॅटरीच्या दाबात नव्हता. घंटेच्या तारेच्या वेटोळ्यात ऊर्जा साठते आणि जोड सुटताच ती एकदम ठिणगीत उतरते. मिथेन पेटवायला तरी किती ऊर्जा लागते? गुंजेचा एक दाणा वीतभर उंचीवरून पडला तर जेवढी, साधारण तेवढी! तेव्हा उपाय असा की मंडलात तेवढीही ऊर्जा साठू द्यायची नाही. तार तुटो वा चिरडो, ठिणगी दुबळीच राहिली पाहिजे.

आज खाणीतली मोठी मोटर चालवताना ही दोन्ही उत्तरं एकत्र नांदतात. मोटरचा जबर प्रवाह तोडणारा स्विच लोखंडी डब्यात. कामगाराच्या हातातल्या बटणाच्या तारेत मात्र जेमतेम प्रवाह. त्या तारेच्या यंत्राकडच्या टोकाला एक डायोड बसवलेला असतो. त्याच्यामुळे प्रवाह एकाच दिशेने जातो आणि डब्यातला रिले तेवढ्यालाच ओळखतो. दरडीखाली केबल चिरडून तारा एकमेकींना भिडल्या, तर प्रवाह दोन्ही दिशांनी वाहू लागतो, रिले सुटतो आणि मोटर थांबते. कुणी बटण दाबायची गरजच नाही.

आपल्याकडे धनबादला १९५६ साली खाण संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे असे डबे गॅस भरून, आत स्फोट करून तपासले जातात. पेट्रोल आणि रसायनांच्या कारखान्यांतल्या अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या केंद्र सरकारच्या संघटनेचं मुख्यालय तर आपल्या नागपुरात आहे.

फोरमननी त्या दिवशी माझं नाव कुठेही लिहिलं नाही. ट्यूब काढली, सांधा फडक्याने पुसून लावला आणि फीलर गेज माझ्या हातात दिला. त्यानंतर कितीतरी वर्षं मी दर आठवड्याला ती फट स्वतः मोजली.

मागे पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. शेजारचं यंत्र दुरुस्तीसाठी बंद ठेवलेलं, पुढची पत्र्याची बाजू काढलेली. आत तोच ओळखीचा जाड डबा. नंबर येईपर्यंत मी झाकणाचे बोल्ट मोजले. एक कमी होता. मॅनेजरला बोलावून दाखवला.