स्टक रबर बेबी

अमेरिकी चित्रकथाकार हॉवर्ड क्रूझ (१९४४–२०१९) यांची चित्रकादंबरी. प्रथम प्रकाशन १९९५. कथानक १९६० च्या दशकातील अमेरिकेच्या दक्षिणेकडील वंशभेदी राज्यांतले. त्यातील क्लेफिल्ड हे काल्पनिक शहर अलाबामातील बर्मिंगहॅमवर बेतलेले. निवेदक टोलंड पोक प्रौढपणी तारुण्य आठवतो. समलैंगिकता दडपण्यासाठी तो जिंजर या मैत्रिणीचा आधार शोधतो आणि तिच्यामुळे नागरी हक्कांच्या चळवळीत ओढला जातो. गोरे-काळे एकत्र जमणारे क्लब, पोलिसांची दहशत आणि समलिंगी मित्र सॅमीची हत्या यांतून त्याला स्वतःची ओळख स्वीकारावी लागते. आडव्यातिडव्या बारीक रेषांच्या जाळीतून छायाप्रकाश साधणारी ही कृष्णधवल चित्रे पूर्ण करण्यास क्रूझ यांना चार वर्षे लागली. १९९६ मध्ये कादंबरीस आयस्नर पुरस्कार मिळाला.