नेवाशाचा ऊस आणि नाताळची माती

गेल्या हंगामातली गोष्ट. नाताळची सुटी होती, मी पुण्यात घरीच होतो. सकाळी सकाळी मामेभावाचा फोन. "दादा, एका औषधाचं नाव लिहून घे. नाटामायसिन. डोळ्यात घालायचे थेंब आहेत. इकडं कुठंच मिळंना."

झालं होतं असं. नेवासा तालुक्यात मामाचा ऊस आहे, आणि तोड चालू होती. वाढे गोळा करताना एक पातं मामाच्या उजव्या डोळ्याला चाटून गेलं. ज्यांनी उसात काम केलंय त्यांना सांगायला नको, उसाच्या पात्याची कड म्हणजे बारीक करवतच. मामाने पाण्याचे दोन हबके मारले आणि पुन्हा कामाला लागला. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला म्हणून जवळच्या दुकानातून कसलेसे थेंब आणले. दोन दिवसांत लाली गेली, बरं वाटलं. आठवड्याने मात्र डोळा उघडवेना, आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला.

श्रीरामपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती जखम हलकेच खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशीचे धागे. आधी घातलेल्या थेंबांत स्टिरॉईड होतं. त्याने लाली जाते, पण बुरशीशी लढणारी शरीराची ताकदच दबते आणि तिला रान मोकळं मिळतं. डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे बंद करून नाटामायसिन लिहून दिलं. दर तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा उठवून. त्यांच्याकडची शेवटची बाटली आदल्याच दिवशी गेली होती.

मग सुरू झाली दुकानांची फेरी. श्रीरामपुरातली चार मेडिकल, नेवाशातली तीन, अहिल्यानगरला ओळखीच्यांना फोन. उत्तरं ठरलेली. "येत नाही." "मागवून देतो, परवा मिळेल." "त्याऐवजी दुसरे थेंब देऊ का?" ऑनलाइन पाहिलं तर तीन दिवस. मी पुण्यात गाडी काढली. पाच दुकानं झाली, सहाव्या ठिकाणी, डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या आतल्या दुकानात, दोन बाटल्या मिळाल्या. प्रत्येकी पाच मिली. तळहातात मावेल एवढीशी बाटली. संध्याकाळच्या एसटीने ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली, रात्री उशिरा नेवासा फाट्यावर भावाने घेतली. चिठ्ठी लिहिल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंत अठ्ठावीस तास गेले होते. दर तासाला घालायचं औषध.

त्या रात्री झोप येईना. एवढ्याशा बाटलीत असं काय आहे की ती मिळू नये, म्हणून वाचत बसलो. आणि वाचता वाचता फार लांब जाऊन आलो.

आजार तसा जुना. १८७९ मध्ये थिओडोर लेबर या जर्मन डॉक्टरांनी डोळ्यातल्या बुरशीच्या जखमेची पहिली नोंद केली. रुग्ण कोण? शेतकरी. मळणी करताना ओटचं फोलपट डोळ्यात उडालं होतं. तिथे ओट, इथे ऊस, बाकी गोष्ट तीच. पुढची सत्तरेक वर्षं डॉक्टरांच्या हातात या बुरशीवर नेमकं असं काही नव्हतं. १९५०च्या दशकात स्टिरॉईडचे थेंब आले, सर्रास वापरले जाऊ लागले, आणि अशा जखमांच्या नोंदी वाढायला लागल्या. म्हणजे मामाच्या बाबतीत झालेली चूकही सत्तर वर्षांची जुनी.

त्याच दशकात औषधही सापडलं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी यीस्ट आणि स्पिरिट बनवणारा एक जुना कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा असताना तिथल्या लोकांनी त्यांना पत्ता लागू न देता पेनिसिलिन बनवायला घेतलं होतं. युद्धानंतर ही मंडळी जगभरची माती तपासू लागली, तिच्यात आणखी कुठला उपयोगी जीव सापडतोय का म्हणून. १९५५ मध्ये त्यांना एका मातीत असा जीव सापडला, जो बुरशी मारणारं द्रव्य तयार करतो. ती माती होती दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्ग गावाजवळची. गावावरून द्रव्याला आधी पिमारिसिन म्हणत, पुढे प्रांतावरून नाटामायसिन हे नाव रूढ झालं. तो प्रांत नाताळ.

इथे मी थबकलो. पीटरमारित्झबर्ग आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ७ जून १८९३ च्या रात्री याच स्टेशनावर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं होतं. पण गांधीजी तिथे गेले, ज्यांचे ते पुढे पुढारी झाले ते हिंदी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होते. कशासाठी? उसासाठी! १६ नोव्हेंबर १८६० ला मद्रासहून 'ट्रुरो' नावाचं जहाज डर्बनला लागलं आणि गिरमिटियांची पहिली तुकडी नाताळच्या उसाच्या मळ्यांवर उतरली. १९११ पर्यंत दीड लाखावर माणसं अशी करारावर गेली. त्यांनाही पाती लागली असतील, त्यांचेही डोळे लाल झाले असतील. त्यांच्यासाठी कुठली बाटली नव्हती. त्यांच्याच प्रांताच्या मातीत तो इलाज होता, पण तो शोधायला अजून बरीच वर्षं होती.

आणि नावाची गंमत बघा. १४९७ च्या ख्रिसमसच्या सुमारास वास्को द गामाची जहाजं त्या किनाऱ्यावरून जात होती, म्हणून त्याने त्या भागाला नाव दिलं नाताल. पोर्तुगीजमध्ये ख्रिसमस म्हणजे नाताल. आपला 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. म्हणजे नाताळच्या सुटीत मी ज्या औषधासाठी पुणं पालथं घातलं, त्याच्या नावातच नाताळ होता.

असो. १९५५ साल म्हणजे आपल्याकडे काय चाललं होतं? पाचच वर्षांपूर्वी प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने उभारलेला सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. त्यानंतर नगर जिल्ह्यात ऊस पसरत गेला, तसा आमच्या मामाच्या वडिलांच्या रानातही आला. म्हणजे ऊस आणि त्या उसाच्या पात्याने होणाऱ्या आजाराचं औषध, दोघांची वाटचाल साधारण एकाच दशकातली. ऊस बांधापर्यंत पोचला. औषध?

औषध अमेरिकेत १९७८ मध्ये डोळ्यांसाठी मंजूर झालं. त्याहून पुष्कळ जास्त प्रमाणात ते चीजच्या सालीवर बुरशी येऊ नये म्हणून वापरलं जातं! डोळ्यांत ते फार खोल शिरत नाही, पाण्यात विरघळत नाही म्हणून बाटली हलवून घालावं लागतं. नवी, महाग औषधं आली तेव्हा हे मागे पडणार असं वाटलं होतं. पण दक्षिण भारतातल्या ३२३ रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना केली गेली, २०१३ मध्ये निकाल छापून आला, आणि सरस ठरलं ते हे जुनंच. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

आणि आजार काही दुर्मिळ नव्हे. १९९४ मध्ये मदुराईच्या दवाखान्यात तीन महिन्यांत अशा जखमेचे ४३४ रुग्ण आले. ज्यांच्या जखमेतून काही उगवलं त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना बुरशीच होती. मग मेडिकलमध्ये औषध का नसावं?

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा नेवाशातल्या एका मेडिकलवाल्या काकांना हेच विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वर्षात दोन चिठ्ठ्या येतात. चार बाटल्या ठेवल्या तर दोन एक्स्पायर होतात. बीपीची गोळी रोज जाते, हे कोण ठेवणार?" बरोबरच आहे त्यांचं. पण चिठ्ठ्या दोनच का येतात? कारण जखम खरवडून बघणारा डॉक्टर तीस-चाळीस किलोमीटरवर. तिथवर पोचायच्या आत माणूस दुसरेच थेंब घालून बसलेला असतो, नाहीतर टोळीबरोबर पुढच्या गावाला गेलेला असतो. त्याच्या डोळ्यात फूल पडतं आणि ते नशीब म्हणून खपतं. चिठ्ठी लिहिलीच जात नाही, म्हणून बाटली येत नाही. बाटली नाही म्हणून लिहिलेली चिठ्ठीही फुकट जाते.

मामाचा डोळा वाचला. जखम भरायला दीड महिना लागला. बुबुळावर फूल राहिलंय, त्या डोळ्याने माणूस आल्याचं कळतं, कोण ते कळत नाही. आधीचे आठ दिवस आणि नंतरचे अठ्ठावीस तास, यांतलं कशाने किती नेलं याचा हिशोब डॉक्टर मांडत नाहीत. मामाही विचारत नाही.

पण त्याने एक गोष्ट केली. दसऱ्याच्या आधी, टोळ्या यायच्या सुमाराला, त्याच काकांच्या दुकानात गेला आणि दोन बाटल्यांचे पैसे काउंटरवर ठेवले. म्हणाला, "मागवून ठेवा. ज्याच्याकडं डॉक्टरची चिठ्ठी असंल त्याला द्या, त्याच्याकडून पैसे आले की माझे परत करा. नाही गेल्या तर एक्स्पायरी माझी."

काकांनी पैसे घेतले. परवा फोनवर भाऊ सांगत होता, एक बाटली गेली. बीडकडच्या टोळीतल्या कुणा बाईला लागली म्हणे. चिठ्ठी घेऊन नवरा आला तेव्हा बाटली फळीवर होती.